वस्तरा ओढतो का? धार, पट्टा आणि जळजळ यांचा हिशेब

वस्तरा केस कापण्याऐवजी ओढू लागला की हात नकळत दाबतो. दाबला की पातं केसाबरोबर कातडीचा वरचा थरही खरवडतं. एवढं करून खुंट राहतातच, म्हणून त्याच जागी पुन्हा फिरवलं जातं, आणि तोवर तिथला फेस गेलेला असतो. संध्याकाळी गळ्यावर लाल पट्टा उमटतो, आणि दोष दिला जातो साबणाला, आफ्टरशेव्हला किंवा ‘माझी कातडीच नाजूक’ या समजाला. बहुतेक वेळा मूळ वेगळ्या ठिकाणी असतं: धार लावताना वापरलेल्या पहिल्या, खरखरीत दगडावर.

इथला वस्तरा म्हणजे घडी होणारा, एकसंध पोलादी पात्याचा. आपल्याकडच्या सलूनमध्ये आता दिसतो तो त्याचा धाकटा भाऊ. त्यात ब्लेड अर्धं मोडून बसवतात आणि गिऱ्हाईक उठलं की फेकतात. त्याला धार लावायचा प्रश्नच नाही. न्हाव्याच्या धोपटीतला जुना वस्तरा मात्र नीट सांभाळला तर पिढ्यान् पिढ्या चालतो. अट एकच, त्याची धार आपल्याला ठेवता आली पाहिजे.

पाठ हाच कोन

विळी किंवा सुरी पाजवताना दगडावर पात्याचा कोन हाताने धरावा लागतो आणि तिथेच नवख्याची गडबड होते. वस्तऱ्यात ती सोय आधीच करून ठेवलेली असते. पातं दगडावर आडवं ठेवलं की जाड पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांतून धारेचा कोन ठरतो. वस्तऱ्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात, म्हणजे आपल्या सुतारांच्या भाषेत सुतात मोजतात. पाच सुती वस्तरा सुमारे १५.९ मिमी रुंद असतो. त्याची पाठ ४.६ मिमी जाड असेल तर दोन्ही बाजू मिळून धारेचा कोन साडेसोळा अंशांच्या आसपास येतो. बहुतेक चांगले वस्तरे १६ ते १८ अंशांत बसतात. कोन याहून फार कमी असला तर धार चुरते आणि फार जास्त असला तर ती बोथट वाटते.

यावरून एक नियम निघतो. दगडावर पाठ कधीच उचलायची नाही. ‘जरा उचलून घासलं तर लवकर लागेल’ हा मोह सुरीच्या सवयीतून येतो आणि एका फेऱ्यात तासाभराची मेहनत घालवतो. पाठ झिजू नये म्हणून तिच्यावर इलेक्ट्रिकच्या कामाची काळी टेप लावणारे बरेच आहेत. एका थराने कोन साधारण एक अंशाने वाढतो, त्यात बिघडत काही नाही. पण एकदा टेप लावून कोन पाडला की शेवटच्या दगडापर्यंत टेप हवीच. ती झिजली की बदलायची. मध्येच काढली तर धारेचं टोक दगडाला लागतच नाही.

दगडाआधी वस्तरा तपासावा. आरशाच्या सपाट काचेवर तो आडवा ठेवून मागून उजेड धरा. पाठ आणि धार दोन्ही टेकल्या पाहिजेत. मध्ये किंवा टोकाला फट दिसली, वस्तरा डुलला, तर पातं पिळलेलं आहे. थोडा पीळ हाताच्या फिरवण्यात सांभाळून घेता येतो, पण पहिल्या वस्तऱ्यात तो नकोच. डमास्कससारखी नक्षी, पितळी मूठ आणि भलतीच कमी किंमत असलेले बरेच नवे वस्तरे दिसायला रुबाबदार असतात. पण त्यांचं पोलाद नीट कडक केलेलं नसतं, किंवा दोन्ही बाजूंची घासाई सारखी नसते. असल्या पात्याला कितीही दगड दाखवा, धार दोन दाढ्या टिकत नाही. त्यापेक्षा जर्मनीतल्या झोलिंगेनचा किंवा इंग्लंडमधल्या शेफील्डचा जुना, गंज न चढलेला, धारेला खड्डे नसलेला वस्तरा परवडला. झोलिंगेन हे नाव तर १९३८पासून कायद्याने राखलेलं आहे. त्या भागात न बनलेल्या पात्यावर ते कोरता येत नाही.

आणि एक इशारा. सायकलचं चाक फिरवून कात्र्या-सुऱ्यांना धार लावणाऱ्याकडे किंवा ग्राइंडरवर वस्तरा द्यायचा नाही. धारेजवळचं पोलाद कागदासारखं पातळ असतं. ठिणगी उडाली की क्षणात ते इतकं तापतं की त्याचं पाणी उतरतं. निळसर झालेली धार घरी पुन्हा कडक करता येत नाही.

दगड, आणि त्यातला पहिला

सुरुवातीला तीन दगड पुरतात: १०००, ४००० आणि ८००० ग्रिटचे. त्यापुढे १२,००० ग्रिटचा दगड असला तर धार आणखी मऊ लागते. आकडा जितका मोठा तितके दगडातले कण बारीक. १००० ग्रिटच्या जपानी दगडातले कण साधारण १४ ते १५ मायक्रॉनचे असतात. मोठ्या आकड्यांची मापं कंपनीगणिक बदलतात, म्हणून शक्यतो सगळे दगड एकाच कंपनीचे घ्यावेत. बेल्जियममधल्या आर्देन भागातला पिवळसर कोटिक्यूल हा नैसर्गिक दगड वस्तऱ्यांसाठी जुना आणि नावाजलेला आहे. त्यातल्या बारीक गार्नेटच्या कणांमुळे पाण्याबरोबर चिखल उठतो. चिखल दाट असेल तर दगड वेगाने कापतो, पातळ केला तर धार गुळगुळीत करतो. पण त्यावर कौशल्य लागतं. शिकायला कृत्रिम दगडच बरे.

नवा दगडसुद्धा सपाट नसतो. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखा. जाड काचेवर पाण्यात चालणारा पॉलिश पेपर (३२० किंवा ४००) पसरा आणि सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत दगड त्यावर घासा. डायमंडची सपाट प्लेट असेल तर काम झटपट होतं. दगडाच्या कडाही थोड्या घासून गोल करा, नाहीतर पात्याच्या टाचेकडचा, म्हणजे मुठीजवळचा भाग कडेवर आपटून धार तुटते. काही दगड दहा-पंधरा मिनिटं पाण्यात भिजवावे लागतात, काहींवर नुसतं पाणी शिंपडलं तरी चालतं. काहींना फार भिजवलं तर तडे जातात. दगडासोबतची सूचना वाचावी.

आता कामाला लागू. १००० ग्रिटच्या दगडावर वस्तरा आडवा ठेवा. धार पुढे करून ढकला, म्हणजे दगडावरून पातळ साल काढतोय असा हात. दगड पात्यापेक्षा अरुंद असेल तर ढकलताना पातं तिरकं सरकवा: सुरुवातीला टाच दगडावर असते, शेवटी टोक. दगडाच्या टोकाला पोचलं की पातं पाठीवर पलटायचं, धारेवर कधीच नाही, आणि तसंच परत आणायचं. हा एक फेरा. या दगडावर सुरुवातीला थोडा दाब चालतो, पातं टेकवणाऱ्या बोटाच्या वजनाएवढा. दोन्ही बाजूंना वीस-वीस छोटे गोल हात आणि मग दहा पूर्ण फेरे, असा एक डाव. चांगल्या स्थितीतल्या वस्तऱ्याला दोन-तीन डाव पुरतात. बोथट किंवा खाचा पडलेल्याला पंधराही लागतील. फेरे मोजून थांबायचं नसतं, खुणा पाहून थांबायचं असतं.

खुणा तीन. पहिली, धारेवर दोन्ही बाजूंनी मार्कर पेनची शाई लावा आणि दोन हलके फेरे मारा. शाई धारेच्या अगदी टोकापर्यंत पुसली गेली तर दगड धारेपर्यंत पोचतोय. टोकाशी बारीक काळी रेघ उरली तर नाही. दुसरी, प्रखर दिव्याखाली धार सरळ आपल्याकडे करून पाहा. कुठेही चांदीसारखी चमक दिसली तर तिथे धारेचे दोन्ही बाजूंचे उतार अजून एकमेकांना भेटलेले नाहीत, कारण खरी धार प्रकाश परत पाठवायला फार पातळ असते. तिसरी, हाताचे केस. कातडीलगत, न दाबता, टाच, मध्य आणि टोक या तिन्ही भागांनी केस सहज कापले गेले पाहिजेत. एक भाग कापत नसेल तर पुढचा दगड उचलायचा नाही.

दहांतल्या आठ बिघडलेल्या धारा इथेच बिघडतात. १००० ग्रिटच्या दगडाने दोन्ही उतार एका रेषेत आणले नाहीत तर पुढचे दगड फक्त त्या उताराला चकाकी देतात. आरशासारखा चमकणारा आणि तरीही ओढणारा वस्तरा म्हणजे हाच प्रकार. लोक मग आणखी महागडा, आणखी बारीक दगड घेतात. १२,००० ग्रिटच्या दगडाने १००० ग्रिटचं काम करायला महिना लागेल.

पुढचं त्या मानाने सोपं. ४००० ग्रिटवर सुमारे ४० फेरे, ८००० वर तेवढेच, १२,००० वर तीसेक. प्रत्येक दगडाआधी वस्तरा आणि हात धुवा, कारण खरखरीत दगडाचा एक कण पुढे गेला तरी तो नवी ओरखड काढतो. दाब उतरत जातो. शेवटच्या दगडावर फक्त वस्तऱ्याचं स्वतःचं वजन. पातं सरकताना पुढचं पाणी धारेवर चढतं आणि पातं दगडाला किंचित चिकटल्यासारखं वाटतं, तिथे धार जमली समजा.

जास्त घासण्याचाही तोटा आहे. बारीक दगडावर दाब देऊन शंभर-दीडशे फेरे मारले तर धारेच्या टोकाला पोलादाची लोंबती झालर येते. पहिल्याच दाढीत ती तुटते आणि धार करवतीसारखी उरते. अशा वेळी ८००० ग्रिटवर पाठ पुढे करून पाच-सहा उलटे फेरे, आणि मग परत सरळ.

एक केस घेऊन ‘लोंबता धरून कापतो का’ ही परीक्षा करणारे पुष्कळ. ती वाईट नाही, पण जाड, नुकता धुतलेला केस आणि पातळ, तेलकट केस यांत उत्तर बदलतं. एकाच माणसाच्या डोक्याचा केस वापरत राहिलात तरच तुलनेला अर्थ. शेवटचा निकाल गालावर लागतो.

पट्टा

कापडा-चामड्याच्या पट्ट्यावर परजणं म्हणजे धार लावणं नव्हे. दाढीत धारेचं टोक सूक्ष्म प्रमाणात वाकतं आणि चुरतं. पट्टा ते सरळ करतो आणि वर बसलेला मळ, गंजाची सुरुवात काढून टाकतो. केसाने पोलाद चुरावं हे ऐकून नवल वाटेल. एमआयटीतल्या संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’ नियतकालिकात याचं कारण दाखवलं. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो, पण तो कापला जाताना वाकला आणि धारेच्या त्या ठिकाणी पोलादाची अंतर्रचना एकसारखी नसली, तर तिथून कपचा उडतो. त्यांचे प्रयोग बाजारातल्या ब्लेडवर होते. बोध मात्र वस्तऱ्यालाही लागू: केस मऊ केला आणि पात्याचा कोन योग्य ठेवला की धारसुद्धा वाचते.

पट्ट्याला दोन पदर हवेत. एक जाड सुती किंवा लिननचा, दुसरा चामड्याचा. रुंदी अडीच-तीन इंच. परजताना नेमकं दगडाच्या उलट: पाठ पुढे, धार मागे. धार पुढे गेली की पट्टा फाटलाच. दाढीआधी कापडावर २० ते ३० फेरे, चामड्यावर ५० ते ६०. पट्टा ताणून धरायचा. ढिला पडला की चामडं धारेभोवती वळतं आणि टोक गोल होतं. पलटताना पातं आधी थांबवायचं, मग पाठीवर फिरवायचं. पट्ट्यावर आडव्या चिरा दिसल्या तर हात पलटण्याआधी परतायला लागलाय. पहिले काही आठवडे सावकाश हात. तो चटाक्-चटाक् आवाज नाटकात शोभतो.

धार किंचित मंदावली की वेगळ्या पट्ट्यावर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट, दहा-पंधरा फेरे. पण तिचा वापर महिनोन् महिने करत राहिलात तर धार हळूहळू गोलावते, आणि मग ८००० ग्रिटवर परतावं लागतं.

दाढी: पाणी, फेस, कोन

केस पाण्याने मऊ होतो, साबणाने नाही. साबणाचं काम ते पाणी केसावर धरून ठेवणं आणि पात्याला घसरायला पातळ थर देणं. म्हणून चेहरा दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याने ओला राहिला पाहिजे. आंघोळीनंतर दाढी करण्यात शहाणपण आहे. ब्रश भिजवून पिळा, बदामाएवढं क्रीम घ्या आणि थेंब-थेंब पाणी घालत फेस चढवा. जमलेला फेस घुसळलेल्या दह्यासारखा चकचकीत दिसतो. मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त. सुका, ताठ ढीग झाला तर पाणी कमी, आणि त्यावर वस्तरा अडखळतो. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस बसत नाही, वरून चेहऱ्यावर पांढरट चिकट थर राहतो. तिथे फेसापुरतं वाटीभर गाळलेलं आरओचं पाणी घ्या. फरक पहिल्याच दिवशी कळेल.

पात्याचा कातडीशी कोन सुमारे ३० अंश. पाच सुती वस्तऱ्यात याचा अर्थ पाठ आणि गाल यांत पाठीच्या जाडीएवढी किंवा जरा जास्त फट. पातं याहून आडवं झालं तर केस ओढतं, उभं झालं तर कातडी खरवडतं. हात धारेच्या काटकोनात हलला पाहिजे. धारेच्या लांबीच्या दिशेने सरकला, तर सुरीने टोमॅटो चिरावा तशी कातडी चिरली जाते. जखमा होतात त्या बहुधा याच सरकण्यातून.

कातडी मोकळ्या हाताने ताणायची, शक्यतो पात्याच्या मागच्या बाजूने. बोटं ओली, निसरडी होतात, म्हणून तुरटीचा ओला खडा बोटांवर फिरवला की पकड येते. मात्र तुरटीचं पाणी पात्यावर उरू देऊ नका. पोलादाला ते गंजवतं.

पहिला आठवडा फक्त दोन्ही गाल वस्तऱ्याने, बाकी चेहरा नेहमीच्या रेझरने. मग गळा, मग हनुवटी, सगळ्यात शेवटी वरचा ओठ. हनुवटीच्या वळणावर पातं सपाट बसत नाही, तिथे छोटे-छोटे हात लागतात. गळ्यावरचे केस बऱ्याच जणांना आडवे किंवा चक्राकार उगवतात. दोन दिवसांची दाढी वाढू द्या, बोट फिरवून पाहा: ज्या बाजूला गुळगुळीत लागतं ती सुलटी दिशा. आधी सगळीकडे सुलटा हात. मग पुन्हा फेस लावून आडवा. उलटा हात सर्वांत शेवटी, आणि पहिला महिना तर नकोच. फेस गेलेल्या जागी पातं फिरवायचं नाही, एकदाही.

जळजळ की पुरळ?

हे दोन वेगळे त्रास आहेत आणि उपायही उलट आहेत. दाढीनंतर लगेच आग होते, लाली येते आणि बहुधा एका दिवसात जाते, ती खरवडल्याची. कारण दाब, बोथट धार किंवा चुकलेला कोन. तुरटीचा खडा इथे निदान करतो: दाढीनंतर ओल्या चेहऱ्यावर फिरवा. जिथे झणझणतं तिथे हात जड पडला.

दोन-तीन दिवसांनी गळ्यावर टोकदार फोड येतात, आत केस अडकलेला दिसतो, तो प्रकार दुसरा. कुरळा केस कापल्यावर वळून पुन्हा कातडीत शिरतो, किंवा फार खोलवर कापला गेल्याने बाहेर यायच्या आधीच आतल्या आत रुततो. इथे धार जितकी उत्तम आणि कातडी जितकी ताणलेली तितका त्रास जास्त, कारण ताण सुटला की केसाचं कापलेलं टोक कातडीखाली जातं. ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांनी गळा ताणू नये, फक्त सुलटा एकच हात मारावा आणि खुंट राहू द्यावेत. फोडांवर वस्तरा चालवायचा नाही. पू, ताप किंवा पसरणारी लाली असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं.

दाढीनंतर गार पाणी, टिपून कोरडं करणं आणि वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर एवढं पुरतं. स्पिरिटचा झोंबरा आफ्टरशेव्ह खरवडलेल्या कातडीला आणखी कोरडी करतो.

वस्तरा कुणाला द्यायचा नाही, भावालाही नाही. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो, आणि पुसलेल्या पात्यावर रक्ताचा अंश डोळ्यांना दिसत नाही. सलूनमध्येही अर्धं ब्लेड आपल्यासमोर नवं बसवलेलं पाहावं.

दाढी झाली की पातं धुवून, पाठीकडून धारेकडे मऊ कापडाने टिपून, कापडाच्या पट्ट्यावर दहा फेरे. मूठ उघडी ठेवून तासभर वाळू द्या. लगेच मिटलं तर मुठीच्या आतली ओल धारेवर गंजाचे ठिपके पाडते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पात्यावर पुसून ठेवा आणि वस्तरा बाथरूममध्ये ठेवू नका. दाढीआधी तेल पुसायचं, नाहीतर ते चामड्यात मुरतं. पट्ट्यावर बुरशीचे पांढरे ठिपके आले तर कोरड्या फडक्याने पुसून तो वाऱ्यावर, पण सावलीत टांगावा. उन्हात चामडं कडक होऊन तडकतं.